घरातल्या माणसाची हरकत

प्रिय ठकू,

आधी मुख्य बातमी सांगते, म्हणजे तू पत्राच्या शेवटाकडे उडी मारणार नाहीस. बाबा बरे आहेत. दवाखान्यातून घरी येऊन आठवडा होऊन गेला. भूक लागते, माझ्यावर चिडतात, वर्तमानपत्रातल्या चुका काढतात, म्हणजे गाडी रुळावर आली म्हणायची. उजव्या हाताची बोटं अजून म्हणावी तशी वळत नाहीत. शर्टाची बटणं मी लावते आणि मी लावत असताना ते छताकडे बघत उभे राहतात. हे सगळं तुला फोनवर सांगितलंच आहे. पण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस (ही सवय तू कुणाकडून उचललीस ते मी सांगायला नको), आणि मला जे सांगायचंय ते अर्धवट ऐकून चालणार नाही. परवा तू म्हणालीस, "आई, त्यांचं ते लवकर सोडवून आण गं. त्याशिवाय ते बाबा वाटतच नाहीत." तेव्हा मी हो-नाही काहीच बोलले नाही. लाइन कट झाली असं तुला वाटलं. झाली नव्हती.

'ते' म्हणजे पिस्तूल. आपल्या घरात हा शब्द कुणी उच्चारलाच नाही कधी. 'ते घेतलं का', 'ते कुठंय', 'त्याला हात लावू नकोस'. तू बोलायला लागलीस तेव्हा देवालाही 'ते' म्हणायचीस आणि आम्ही दोघं हसून हसून दमलो होतो. आज पत्रात शब्द सरळ लिहिते आहे, जरा सवय व्हावी म्हणून.

बाबा पडले कसे हे तुला तुकड्यातुकड्यांनी कळलं असेल. ते सलूनमध्ये खुर्चीवर बसले होते आणि अर्धी दाढी झाली होती. त्यांचा हात खुर्चीच्या दांड्यावरून घसरला, तोंड वाकडं झालं, सलूनवाल्याने आरशात बघितलं आणि वस्तरा बाजूला ठेवला. शहाणा माणूस. त्याने त्यांना खाली निजवलं, पट्टा सैल करायला गेला आणि हाताला पिस्तूल लागलं. इतकी वर्षं दाढी करतोय, पण त्याला पत्ता नव्हता. मला नंतर म्हणाला, "वहिनी, मला वाटायचं साहेबांना कंबरदुखीचा पट्टा आहे." त्याने गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवतीचं ते पांढरं कापड काढून त्यावर टाकलं आणि सगळ्यांना दुकानाबाहेर हाकललं. रुग्णवाहिकेतला माणूसही हात लावायला तयार होईना. शेवटी होते तसंच उचललं त्यांना, कमरेला पिस्तूल आणि एका गालावर फेस.

मी दवाखान्यात धापा टाकत पोचले तेव्हा तातडीच्या विभागातली परिचारिका बाहेर आली. तिने विचारलं, तुम्ही त्यांच्या कोण? मी म्हटलं, बायको. आणि मग माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो असा: "ते कुठंय?" तिला काही कळेना. मी पुन्हा विचारलं, त्यांच्या कमरेचं, ते कुठंय? नवरा आत जगतोय की मरतोय ते मी विचारलंच नाही. ती मुलगी माझ्याकडे अशी बघत राहिली की मला भिंतीत शिरावंसं वाटलं. पण ठकू, मला त्याच क्रमाने विचारायची सवय होती. बाबा न्हाणीघरात गेले, झोपले, आजारी पडले, की आधी ते कुठे ठेवलंय हे बघायचं आणि मग बाकीचं. हा क्रम कुणी शिकवला नव्हता, संसार करता करता अंगवळणी पडला. त्या दिवशी पहिल्यांदा परक्या माणसासमोर तो तोंडातून बाहेर पडला आणि तो कसा दिसतो ते मला कळलं.

तिथल्या पहारेकऱ्यांचा एक मुख्य आहे. फौजेत होता, मिशा मोठ्या, सगळे त्याला कॅप्टन म्हणतात. पिस्तूल त्याच्याच ताब्यात होतं. त्याने मला साक्षीदार म्हणून एका खोलीत नेलं. खोली कसली, पायऱ्यांखालची जागा, एक टेबल, एक लोखंडी कपाट आणि कोपऱ्यात आग विझवायच्या वाळूची बादली. पिस्तुलाचं तोंड त्या बादलीकडे करून त्याने गोळ्यांची पट्टी बाहेर काढली. शिवणयंत्राची बॉबिन काढावी इतक्या सहज. मी निघायला लागले तर म्हणाला, थांबा. मग वरचा भाग मागे खेचला आणि आणखी एक गोळी टण्णकन उडून टेबलाखाली गेली. कॅप्टनच्या कपाळावर आठ्या पडल्या. "बाई, नळीत एक भरलेली होती. घरात असं ठेवत नाहीत हो कुणी." मी म्हटलं, आमच्याकडे ठेवतात. ती गोळी शोधायला तो माणूस मिशांसकट टेबलाखाली शिरला आणि मला त्या वेळीही हसू आलं.

पिस्तूल एका पाकिटात, गोळ्या दुसऱ्या पाकिटात, दोन्हीवर चिकटपट्टी, त्यावर त्याची सही आणि माझी. मी विचारलं, घरी नेऊ का? तो म्हणाला, "छे! परवाना त्यांचा आहे. तुम्ही उचललंत तर गुन्हा तुमच्यावर." म्हणजे बघ, इतकी वर्षं जे माझ्या उशीपासून हातभर अंतरावर होतं, ते पिशवीत घालून चार गल्ल्या नेणं हा गुन्हा. नियम असा की मालक लवकर घरी गेला तर जाताना त्याच्या हातात द्यायचं, मुक्काम लांबला तर पोलीस ठाण्यात जमा करायचं, आणि मग मालकाने डॉक्टरची चिठ्ठी घेऊन तिथून सोडवायचं. बाबांचा मुक्काम लांबला. कॅप्टन एका शिपायाला घेऊन स्वतः ठाण्यात जाऊन आला आणि पोचपावती माझ्या हातात देताना म्हणाला, "आता निर्धास्त झोपा." तो बिचारा सहज बोलून गेला.

आता तुझ्या मनात येईल, आई आज हे का उगाळते आहे? बाबा पिस्तूल का बाळगतात हे तुला पाठ आहे, शाळेत तूच मैत्रिणींना ऐटीत सांगायचीस. बाबा विमा कंपनीकडून जळालेली दुकानं तपासायला जायचे. लाकडाच्या वखारीच्या त्या मालकाने स्वतःच आग लावली, हे बाबांनी राख चाळून शोधलं आणि कोर्टात उभं राहून सांगितलं. त्याने कोर्टाच्या आवारात सगळ्यांदेखत धमकी दिली, घरादारासकट जाळीन. मग परवाना निघाला. ते बरोबरच होतं. तू तेव्हा पाळण्यात होतीस आणि मला स्वतःला ते घरात आलं तेव्हा हायसं वाटलं होतं, हे मी नाकारत नाही. पण तो वखारवाला पुढे म्हातारा होऊन, नातवंडं बघून, अंथरुणात मेला. बाबा त्याच्या अंत्ययात्रेला गेले, आणि कमरेला ते लावून गेले. मी विचारलं, आता कुणासाठी? म्हणाले, "सवय."

त्या सवयीत आपण सगळे राहिलो. बाबा दाराकडे तोंड करून बसणार, म्हणून आपल्याकडे जेवणाचं टेबल तिरकं. हात असलेल्या खुर्च्या नाहीत, कारण त्या कमरेला अडतात. शिंपी त्यांच्या पँटला उजवीकडे दोन बोटं जास्त सोडायचा. कुठल्याही खोलीत शिरण्याआधी "मी आहे" असं मोठ्याने म्हणायचं, हे तू चालायला शिकलीस तेव्हाच शिकलीस. अजूनही सासरी तू स्वयंपाकघरात जाताना "मी आहे" म्हणतेस आणि सगळे हसतात, असं जावईबापूंनी सांगितलं होतं. मीही हसले. नंतर बराच वेळ भांडी घासत बसले, स्वच्छ होती तरी. तुझा मामा आपल्याकडे मुक्कामाला यायचा बंद झाला, त्याचं कारण त्याची डाळिंबाची बाग नव्हती. तो एकदा पाणी प्यायला उठला होता आणि "मी आहे" म्हणायला विसरला. बाबांनी दिवा लावला तेव्हा ते त्यांच्या हातात होतं. कुणाला काही झालं नाही. सकाळी दोघंही चहा पिताना हवापाण्याबद्दल बोलले.

आणि झोपेतून त्यांना हात लावून उठवायचं नाही, हा सगळ्यात मोठा नियम. उंबऱ्यात उभं राहून हाक मारायची, जागे झाले की मग आत जायचं. तापाने फणफणले असले तरी. तुझा निकाल लागला तेव्हा तू धावत आत निघाली होतीस आणि मी तुझी वेणी धरून ओढली, आठवतं? तू माझ्यावर रागावलीस. कायम माझ्यावरच रागावायचीस, कारण नियम बाबांचे असले तरी पाळून मी घ्यायचे.

आता दवाखान्यातली गोष्ट. तुला यायला जमलं नाही, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही, तुझ्या छोटीच्या परीक्षा होत्या. पण तू असतीस तर तू हे बघितलं असतंस, आणि मला एवढं लांबण लावावं लागलं नसतं. बाबांना वरच्या मजल्यावर हलवल्यानंतरची गोष्ट. सकाळी एक परिचारिका रक्तदाब मोजायला आली. बाबा गाढ झोपेत. ती तडक खाटेपाशी गेली आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून हलवायला लागली. मी खुर्चीतून अशी उठले की माझ्या मांडीवरचं लोकरीचं विणकाम सुयांसकट खाली पडलं. मी ओरडणार, तेवढ्यात बाबांनी डोळे उघडले. दचकले नाहीत. हात उशीखाली गेला नाही. तिच्याकडे बघून वाकड्या तोंडाने हसले आणि म्हणाले, "झाली का सकाळ?" ती म्हणाली, "केव्हाच झाली आजोबा." तिने पट्टा बांधला, आकडा लिहिला, आणि गेली.

मी तिथे उभी होते. मला आनंद व्हायला हवा होता, हो ना? मला राग आला. इतका राग मला या माणसाचा कधीच आला नव्हता. म्हणजे हे जमत होतं. कुणीही यावं, खांद्याला हात लावावा, हलवून उठवावं, आणि या गृहस्थांनी हसून सकाळ झाली का विचारावं. फक्त मला जमू दिलं नव्हतं. रोज चार-चार परिचारिका, सफाईवाली मावशी, व्यायाम करून घेणारी ती चुणचुणीत पोर, सगळ्या त्यांना हात लावून उठवत होत्या आणि मी लग्नाची बायको दाराशी उभी राहून हाका मारत होते. चौथ्या की पाचव्या दिवशी मी पण हिय्या केला. गेले आणि खांद्यावर हात ठेवला. काय सांगू तुला, खांदा किती बारीक झालाय. ते जागे झाले आणि माझ्या हाताकडे बघत राहिले.

इकडे घरीही गंमत चालली होती. डबा न्यायला मी मध्ये मध्ये येत असे, तेव्हा खोल्यांमधून न बोलता फिरायचे. एकदा पातेलं हातातून निसटलं, केवढा आवाज झाला, आणि कुणीही "कोण आहे" म्हणून ओरडलं नाही. खिडक्या उघड्या टाकल्या. नवरा खाटेवर आणि बायको घरात मोकळा श्वास घेते आहे, म्हणशील काय बाई आहे. मलाही लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून श्वास काही आखडला नाही.

बाबांना नीट बोलता यायला लागलं तेव्हा त्यांचा पहिला स्पष्ट प्रश्न तोच होता, "ते कुठंय?" मी सांगितलं, ठाण्यात आहे, सुखरूप. मग रोज तेच. घरी आल्यावर तर दिवसातून दहादा. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली: डोकं शाबूत आहे, हाताची ताकद परत येते आहे, वैद्यकीय अडचण नाही. डॉक्टरांची काही चूक नाही, त्यांना जे विचारलं त्याचं त्यांनी उत्तर दिलं. काल आम्ही रिक्षा करून ठाण्यात गेलो. बाबांनी इस्त्रीचे कपडे घातले होते. रिक्षात गुणगुणत होते.

ठाण्यात त्या खात्याला एक बाई आहेत, माझ्या तुझ्यामधल्या वयाच्या असतील. चष्मा नाकावर, आवाज एकसुरी. त्यांनी बाबांचे कागद बघितले, चिठ्ठी बघितली, मग विचारलं, घरात आणखी कोण राहतं? बाबा म्हणाले, आम्ही दोघंच. तर बाई म्हणाल्या, तुम्ही जरा बाहेर बाकावर बसा, यांच्याशी बोलायचंय. बाबांनी माझ्याकडे बघून डोळे मिचकावले, म्हणजे आटप लवकर. दार बंद झालं आणि बाई त्याच एकसुरी आवाजात म्हणाल्या, "शस्त्र घरात परत यायचंय. तुम्ही त्या घरात राहता. तुमची काही हरकत आहे का?"

पहिला परवाना निघाला तेव्हा चौकशीला आपल्या घरी एक साहेब आले होते. त्यांनी शेजाऱ्यांना विचारलं, बाबांच्या साहेबांना विचारलं, खालच्या दुकानदाराला विचारलं, हा माणूस कसा आहे म्हणून. मी त्यांना दोनदा चहा दिला. मला त्यांनी साखर किती एवढंच विचारलं. त्यानंतर दर नूतनीकरणाला कुणी ना कुणी यायचं, मी चहा करायचे. या बाईंनी विचारलं तो प्रश्न त्यांच्या लेखी रोजचाच असणार, दिवसातून पाच जणांना विचारत असतील. मी मात्र बावळटासारखी त्यांच्याकडे बघत बसले. त्यांना वाटलं मला ऐकू कमी येतं, म्हणून त्यांनी मोठ्याने पुन्हा विचारलं.

मी म्हटलं, "आहे."

मग त्यांनी पेन उचललं. मारतात का? नाही. दारू? थेंब नाही. कधी तुमच्यावर रोखलं? कधीच नाही, देवमाणूस आहे. कर्जबिर्ज, भांडणं, संशय? काही नाही. बाईंनी पेन खाली ठेवलं. मग हरकत कशाची आजी? इतकी वर्षं पोटात ठेवलेलं आणि विचारल्यावर शब्द सापडेना. शेवटी जे तोंडात आलं ते बोलले: मला माझ्या नवऱ्याला हात लावून उठवायचंय. बाईंनी पेन पुन्हा उचललं. मग म्हणाल्या, "हे असंच लिहू?" मी म्हटलं, असंच लिहा.

मी सही केली. बाईंनी समजावलं की महिन्याअखेर वरचे साहेब निर्णय देतील, घरातल्या माणसाची हरकत असेल तर सहसा परत देत नाहीत, पिस्तूल सरकारजमा होतं. तोवर मी केव्हाही येऊन हरकत मागे घेऊ शकते, एक सही केली की झालं. मी बाहेर आले. बाबा बाकावर शेजारच्या माणसाला वखारीची गोष्ट सांगत होते. मी म्हटलं, वेळ लागेल म्हणतात. ते परतीच्या रिक्षात सरकारी कारभाराला शिव्या घालत आले.

त्यांना अजून माहीत नाही. मी सांगणार आहे, माझ्याच तोंडाने, साहेबांच्या पत्रातून कळू देणार नाही. पण आधी हे पत्र तुझ्या हातात पडायला हवं. पोचलं की नुसतं "मिळालं" एवढा निरोप पाठव, मग मी त्यांना सांगेन. ते माझ्याशी भांडणार नाहीत. ते तुला फोन करतील. कदाचित रडतीलही, या आजारानंतर त्यांना पटकन रडू येतं, आणि ते तुला सहन व्हायचं नाही. तू त्यांची लाडकी. त्यांचं सगळं ऐकून घे, त्यांची बाजू घे, मला काय वाटेल ते बोल. बाबांची मला भीती नाही वाटत, ठकू. ते म्हणाले तर मी नाही म्हणेन, आता तेवढं जमेल. पण तू म्हणालीस, "आई, जाऊ दे ना, घे मागे," तर मी दुसऱ्या दिवशी रिक्षा करून ठाण्यात जाईन आणि सही करून येईन. मी स्वतःला ओळखते. तुला मी आजवर कशालाच नाही म्हटलेलं नाही. म्हणून हे पत्र लिहिलं. तेवढं एक वाक्य म्हणू नकोस.

तुझ्या उत्तराची वाट बघणारी,
तुझीच
आई